मंगोल परतले, त्यानंतर काय? अलाउद्दीन खलजीचे विजय आणि त्यांचा हिशेब (इ.स. १२९६–१३१६)

या पाठात आपण काय पाहणार आहोत

विद्यार्थी मित्र-मैत्रिणींनो, शालेय पुस्तकात मंगोल आक्रमणांबद्दल साधारण एकच वाक्य असते: "अलाउद्दीन खलजीने मंगोलांचा पराभव केला." वाक्य खरे आहे, पण त्यातून तीन प्रश्न सुटत नाहीत. भटक्या घोडेस्वारांचे सैन्य नेमके कशामुळे हरते? एकदा हरलेले सैन्य पुन्हा येऊ नये म्हणून काय करावे लागते? आणि त्याचा खर्च कोण उचलतो? या टिपणात आपण हे तीन प्रश्न क्रमाने घेऊ. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधताना आपल्याला दिल्लीहून थेट देवगिरीला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरजवळच्या दौलताबादला, जावे लागणार आहे.

१. साधने: हे आपल्याला कोणी सांगितले?

या काळाची माहिती मुख्यतः तीन फारसी लेखकांकडून मिळते. अमीर खुसरो हा दरबारी कवी. त्याचा 'खजाइन-उल-फुतूह' हा ग्रंथ अलाउद्दीनच्या हयातीतच लिहिला गेला. साहजिकच त्यात सुलतानाचे अपयश फारसे दिसत नाही. इसामीने आपला 'फुतूह-उस-सलातीन' १३५० मध्ये पूर्ण केला. मुहम्मद तुघलकाच्या काळात त्याच्या कुटुंबाला दिल्ली सोडून दौलताबादला यावे लागले होते आणि त्याने ग्रंथ बहमनी सुलतानाच्या आश्रयाने लिहिला. तिसरा जियाउद्दीन बरनी. त्याचा 'तारीख-ए-फिरोजशाही' हा ग्रंथ १३५७ चा, म्हणजे घटनांनंतर सुमारे अर्ध्या शतकाने लिहिलेला. बरनीचा काका अला-उल-मुल्क हा अलाउद्दीनच्या वेळी दिल्लीचा कोतवाल होता, त्यामुळे त्याच्याकडे घरातून ऐकलेली माहिती होती.

या लेखकांनी दिलेले सैन्याचे आकडे जसेच्या तसे घेऊ नयेत. 'दोन लाख मंगोल' असे बरनी लिहितो तेव्हा 'आजवर पाहिले नव्हते एवढे मोठे सैन्य' इतकाच अर्थ घ्यावा. किमती, पगार, पदांची नावे ही माहिती मात्र तो तपशिलाने देतो आणि इतिहासकार तिच्याकडे अधिक विश्वासाने पाहतात.

२. समोर कोण होते?

चंगीझखानाच्या मृत्यूनंतर मंगोल साम्राज्याचे वाटे झाले. त्यातला मध्य आशियाचा वाटा चगताई घराण्याकडे आला. १२८२ च्या सुमारास तेथे दुवा खान सत्तेवर आला. दिल्लीवरच्या मोठ्या स्वाऱ्या याच्याच काळातल्या.

भटक्या सैन्याचे बळ आणि दुबळेपण एकाच गोष्टीत असते: घोडा. प्रत्येक स्वाराबरोबर एकाहून अधिक घोडी असत. थकलेले घोडे बदलत तो रोजची लांब मजल मारी, आणि मागे सरकण्याचे सोंग करून शत्रूला जाळ्यात ओढणे हा त्याचा ठरलेला डाव असे. पण इतक्या घोड्यांना रोज चारा लागतो. सैन्य पुढे सरकत असेल तोवर नवा चारा मिळतो. ते एका जागी अडकले की भोवतालचे गवत आणि लुटीचे धान्य संपू लागते. त्यात उत्तर हिंदुस्थानातला उन्हाळा थंड गवताळ प्रदेशातल्या माणसांना आणि जनावरांना सोसत नाही. म्हणून अशा सैन्याला अडवणाऱ्याने वेळ काढला तर वेळ त्याच्याच बाजूने काम करतो. ही एक गोष्ट लक्षात ठेवा. पुढच्या लढायांचा उलगडा त्यातूनच होतो.

३. लढायांचा क्रम

*१२९८, जारन मंजूर.* पंजाबात उलुघ खान आणि जफर खान या सरदारांनी मंगोलांना हरवले. पुढच्या वर्षी सिंधमधल्या सेहवान येथे जफर खानाने पुन्हा विजय मिळवला.

*१२९९, कीली.* दुवाचा मुलगा कुत्लुघ ख्वाजा थेट दिल्लीवर चालून आला. वाटेत त्याने लूटमार केली नाही, यावरून त्याचा हेतू नुसत्या लुटीचा नव्हता हे दिसते. आसपासच्या गावांतले लोक शहरात शिरले आणि दिल्लीत पाय ठेवायला जागा उरली नाही. कोतवाल अला-उल-मुल्कने सल्ला दिला: लगेच लढू नका, दिवस काढा, शत्रूची रसद संपू द्या. सुलतानाने तो मानला नाही. तोंड लपवून बसलो तर उद्या कोण मला राजा म्हणेल, असा त्याच्या उत्तराचा रोख होता.

दिल्लीजवळच्या कीली येथे लढाई झाली. जफर खानाने समोरची फळी मोडली आणि पळणाऱ्यांचा दूरवर पाठलाग केला. तोच मंगोलांचा ठरलेला डाव होता. तर्घी नावाच्या सरदाराने त्याला मागून घेरले, मदत आली नाही आणि जफर खान मारला गेला. मंगोल मात्र त्यानंतर माघारी गेले. घोडे पाणी पिईना तर मंगोल त्याला "जफर खान दिसला काय?" असे विचारत, ही आठवण बरनीने नोंदवली आहे. आपल्याच पराक्रमी सरदाराच्या मृत्यूने सुलतानाला मनातून हायसे वाटले, असेही तोच सुचवतो. कीलीला 'विजय' म्हणायचे तर या सगळ्यासकट म्हणावे लागते.

*१३०३, सिरी.* अलाउद्दीन चितोडच्या वेढ्यातून नुकताच परतला होता. पावसाळ्यातल्या मोहिमेने सैन्याची घोडी आणि सामान यांची दैना झाली होती. दुसरे सैन्य वरंगळच्या मोहिमेवर गेले होते. नेमक्या या वेळी तर्घी आला. त्याने यमुनेचे उतार अडवले, त्यामुळे मुलतान, समाना, दीपालपूर येथून येणारी कुमक पोहोचेना आणि शहरात धान्य व सरपण यांची टंचाई झाली. सुलतानाने जुन्या दिल्लीबाहेर, सिरीच्या मैदानावर तळ दिला. एका अंगाला यमुना, दुसऱ्या अंगाला जुने शहर, समोर खंदक आणि लाकडी तटबंदी. सुमारे दोन महिने मंगोल भोवती फिरत राहिले. ते उपनगरांत शिरले, शाही कोठारांतले धान्य त्यांनी लुटले. पण तळ काही फोडता आला नाही. अखेर ते निघून गेले. बरनी याचे श्रेय गोरगरिबांच्या प्रार्थनेला देतो. आपण खंदक आणि चारा यांचाही विचार करू. १२९९ मध्ये नाकारलेला कोतवालाचा सल्ला १३०३ मध्ये नाइलाजाने अमलात आला होता आणि त्याने राजधानी वाचली होती.

*१३०५, अमरोहा आणि १३०६, रावी.* अली बेग आणि तर्ताक यांची फौज दिल्ली बाजूला टाकून गंगा-यमुनेच्या दुआबात उतरली. २० डिसेंबर १३०५ रोजी मलिक नायक याच्या सैन्याने अमरोह्याजवळ तिचा धुव्वा उडवला. पुढच्या वर्षी मलिक काफूरने रावीच्या परिसरात कोपेक नावाच्या सरदाराला पकडले. यानंतर अलाउद्दीनच्या उरलेल्या दहा वर्षांत दिल्लीवर मोठी मंगोल स्वारी झाली नाही.

दोन्ही टप्प्यांतला फरक पाहा. १२९९ आणि १३०३ मध्ये शत्रू स्वतःहून परत गेला. १३०५ आणि १३०६ मध्ये तो मोडला गेला. मधल्या दोन-तीन वर्षांत असे काय बदलले?

४. लढाईमागचे यंत्र

१३०३ च्या धक्क्यानंतर अलाउद्दीनने चार कामे हाती घेतली.

*तटबंदी.* सिरीच्या तळाच्या जागी दगडी कोट उभा राहिला. मंगोलांच्या वाटेवरचे जुने किल्ले दुरुस्त झाले. समाना आणि दीपालपूर येथे कायमचे सैन्य आणि अनुभवी सरदार नेमले गेले.

*खडे सैन्य.* स्वारांना जमिनीच्या उत्पन्नाऐवजी रोख पगार सुरू झाला. हजेरीला एक घोडा दाखवायचा आणि लढाईला दुसराच आणायचा, ही लबाडी थांबवण्यासाठी घोड्यांना डाग देण्याची (दाग) आणि शिपायाचे वर्णन वहीत नोंदवण्याची (हुलिया) पद्धत लागू झाली. फरिश्ता घोडदळाचा आकडा ४,७५,००० देतो. तो अतिशयोक्त धरला तरी सैन्य फार मोठे होते यात शंका नाही.

*महसूल.* जमीन मोजून उत्पन्नाचा निम्मा भाग सारा म्हणून ठरला. त्याशिवाय घरपट्टी आणि चराई. खूत, मुकादम, चौधरी अशा गावच्या वसुलदारांच्या सवलती गेल्या.

*बाजारभाव.* हा सर्वांत प्रसिद्ध भाग. त्यामागचे कारण मात्र थोडे आकडेमोड करून समजून घ्या.

बरनीच्या मते स्वाराचा वार्षिक पगार २३४ टंके होता. एका टंक्याचे सुमारे ४८ जीतल धरा. म्हणजे वर्षाला २३४ × ४८ = ११,२३२ जीतल. गव्हाचा ठरवलेला भाव मणाला साडेसात जीतल होता (हा मण आजच्या ४० किलोच्या मणापेक्षा बराच लहान). ११,२३२ ÷ ७.५ = सुमारे १,४९८ मण. आता भाव दुप्पट झाला, म्हणजे १५ जीतल झाला, असे समजा. तोच पगार ७४९ मणांवर येतो. शिपायाला या पगारातून कुटुंबही पोसायचे होते आणि घोडाही. पगार वाढवावा तर खजिना पाच-सहा वर्षांत रिकामा होईल, असा दरबाराचा अंदाज होता. म्हणून पगार वाढवण्याऐवजी भाव बांधले गेले: गहू साडेसात, जव चार, तांदूळ आणि हरभरा प्रत्येकी पाच जीतल.

भाव नुसते जाहीर करून टिकत नाहीत. पुरवठा हातात लागतो. दुआबातला सारा धान्याच्या रूपाने घेऊन तो दिल्लीच्या कोठारांत भरला. धान्य वाहणाऱ्या बंजाऱ्यांना एकमेकांचे जामीन करून यमुनाकाठी कुटुंबांसह वसवले. शेतकऱ्याने धान्य शेतावरच ठरलेल्या भावाने विकावे, अशी लेखी हमी अधिकाऱ्यांकडून घेतली. साठेबाजीला बंदी झाली. मंडीवर शहना हा अधिकारी होता आणि सुलतानाला रोज तीन वेगवेगळ्या वाटांनी बातमी मिळे: शहनाकडून, बातमीदार बरीदाकडून आणि गुप्त हेरांकडून. तिन्ही अहवाल जुळले नाहीत तर शहनाची चौकशी. एकाच मापाच्या तीन स्वतंत्र नोंदी घेऊन त्या ताडून पाहण्याची ही पद्धत अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना परकी वाटणार नाही.

हे सगळे सैन्यासाठीच होते का? बरनी 'हो' म्हणतो. 'खैर-उल-मजालिस' या ग्रंथात मात्र नसिरुद्दीन चिराग देहलवी या सूफी संतांच्या तोंडून वेगळे ऐकू येते: लोकांचे भले व्हावे म्हणून सुलतानाने स्वस्ताई आणली. शहरातल्या गरिबाला धान्य स्वस्त मिळाले, हे दोन्हीकडून दिसते. त्या स्वस्ताईचा भार दुआबातल्या शेतकऱ्यावर पडला, हेही तितकेच स्पष्ट आहे. पीक निम्मे साऱ्यात गेले आणि उरलेले बांधलेल्या भावाने विकावे लागले.

५. हरलेल्यांचे काय झाले?

१२९२ मध्ये, जलालुद्दीन खलजीच्या काळात, आलेल्या मंगोलांपैकी काहींनी इस्लाम स्वीकारला आणि ते दिल्लीतच राहिले. किलोखडी, इंद्रपत, घियासपूर या भागांत त्यांच्या वस्त्या झाल्या. घियासपूर म्हणजे आजचा निजामुद्दीनचा परिसर. दरबारात त्यांना 'नवमुसलमान' म्हणत. त्यांच्यातले अनेक जण सुलतानाच्या सैन्यातच लढत होते.

१२९९ मध्ये गुजरातहून परतताना लुटीच्या वाटणीवरून जालोरजवळ त्यांच्यातल्या काहींनी बंड केले. शिक्षा दिल्लीत राहिलेल्या बायकामुलांना झाली. पुरुषांच्या गुन्ह्यासाठी त्यांच्या घरच्यांना धरण्याची रीत येथून सुरू झाली, असे बरनी खेदाने लिहितो. राजवटीच्या उत्तरार्धात काही नवमुसलमानांच्या कटाची बातमी आली, तेव्हा सुलतानाने सगळ्यांनाच मारण्याचा हुकूम दिला. बरनी वीस-तीस हजारांचा आकडा देतो आणि त्यातल्या बहुतेकांना कटाची कल्पनाही नव्हती असे सांगतो. आकडा कमी धरला तरी घटनेचे स्वरूप बदलत नाही. हे लोक आक्रमक नव्हते. ते दिल्लीचे रहिवासी होते.

युद्धकैद्यांची कथाही अशीच. अमरोह्यानंतर मंगोलांची आठ हजार मुंडकी सिरीच्या बांधकामात घातली, असे तीनशे वर्षांनंतर लिहिणारा फरिश्ता सांगतो. हौज खास एन्क्लेव्हमधल्या चोर मिनाराच्या भोकांतही मुंडकी अडकवत, अशी लोककथा आहे. कथा आणि पुरावा यांत फरक करा. पण शहराने हा विजय कोणत्या रूपात लक्षात ठेवला, हे त्या कथांतून कळते.

ही गोष्ट केवळ दिल्लीची नाही. सुमारे दोन शतके आधी बायझंटाईन सम्राट अलेक्सिओस कोम्निनोस याने २९ एप्रिल १०९१ रोजी लेव्हुनियन येथे पेचेनेग या भटक्या टोळ्यांचा निर्णायक पराभव केला. त्यासाठी त्याने कुमान या दुसऱ्या भटक्या टोळीची मदत घेतली. त्या रात्री सैनिकांनी असंख्य कैदी कापून काढले. हे सम्राटाच्या मनाविरुद्ध घडले, असे त्याची मुलगी ॲना कोम्निनी आपल्या इतिहासात लिहिते. वाचलेल्यांपैकी काहींना जमिनी देऊन वसवले आणि सैन्यात घेतले. काही वर्षांतच मदतीला आलेले कुमान स्वतःच चालून आले आणि पेचेनेगांशी शेवटची मोठी लढाई अलेक्सिओसच्या मुलाला, दुसऱ्या योआनिसला, १९२२ च्या आठशे वर्षे आधी, म्हणजे ११२२ मध्ये लढावी लागली. दोन्ही राजधान्यांपुढे एकच प्रश्न होता: हरलेल्या माणसांना सामावून घ्यायचे की संपवायचे? दोन्हींनी दोन्ही गोष्टी केल्या. कॉन्स्टँटिनोपलने आधी कत्तल पाहिली आणि मग माणसे वसवली. दिल्लीने आधी माणसे वसवली आणि मग कत्तल केली.

६. दिल्लीचा हिशेब देवगिरीत

आता महाराष्ट्राकडे वळू. १२९६ मध्ये, सुलतान होण्यापूर्वी, अलाउद्दीनने देवगिरीवर अचानक छापा घालून रामदेवराव यादवाकडून प्रचंड संपत्ती नेली. त्याच सोन्याने त्याने सरदार वळवले, सैन्य वाढवले आणि काकाला मारून तख्त मिळवले. म्हणजे मंगोलांसमोर उभ्या राहिलेल्या सत्तेच्या पायात यादवांचा खजिना होता.

पुढचा क्रम तारखांतच वाचा. १३०६ मध्ये वायव्येची शेवटची मोठी स्वारी मोडली. १३०७-०८ मध्ये मलिक काफूर देवगिरीवर आला आणि रामदेवरावाला दिल्लीला नेण्यात आले. सुलतानाने त्याला 'राय रायान' हा किताब देऊन परत पाठवले. त्यानंतर १३०९-१० मध्ये वरंगळ, १३१०-११ मध्ये होयसळांचे द्वारसमुद्र आणि पांड्यांचा मुलूख. या मोहिमांना देवगिरीने रसद आणि वाट दिली. रामदेवरावानंतर त्याच्या मुलाने मान तुकवायचे नाकारले, तेव्हा काफूरने त्याला मारले. १३१८ च्या सुमारास हरपालदेवाच्या अंताबरोबर यादवांची सत्ता संपली.

मंगोलांशी लढण्यासाठी उभे केलेले खडे सैन्य मंगोल यायचे थांबले तरी पगार मागत होते. त्याला काम हवे होते आणि खजिन्याला सोने. दक्षिणेच्या मोहिमांना इतरही कारणे होती, पण उत्तरेची सीमा शांत झाल्याशिवाय एवढे सैन्य विंध्यापलीकडे पाठवता आले नसते. मराठी वाचकाने कीली आणि अमरोहा ही नावे म्हणून लक्षात ठेवावीत. देवगिरीच्या इतिहासाचा एक धागा तिकडे बांधलेला आहे.

७. विजय किती टिकला?

मंगोल थांबले त्यात दिल्लीच्या सैन्याचा वाटा होता, तसा मध्य आशियातल्या घडामोडींचाही. १३०७ च्या सुमारास दुवा खान मेला आणि चगताई घराण्यात वारसाचे तंटे लागले. पुढे मुहम्मद तुघलकाच्या काळात तर्माशिरीन पुन्हा चालून आलाच.

जानेवारी १३१६ मध्ये अलाउद्दीन मरण पावला. मुलगा कुतुबुद्दीन मुबारक याच्या काळात कडक नियम सुटले आणि भाव चढले. भावांची व्यवस्था सुलतानाच्या धाकावर चालत होती. धाक गेला तशी तीही गेली. टिकली ती सीमेवरची फळी. दीपालपूरचा सरदार गाझी मलिक मंगोलांशी लढूनच मोठा झाला होता. १३२० मध्ये तोच घियासुद्दीन तुघलक म्हणून तख्तावर बसला.

सारांश

भटके सैन्य वेळ, रसद आणि शिस्त यांनी हरते. एका दिवसाच्या शौर्याने ते पुरते हरत नाही. अलाउद्दीनने १३०३ नंतर हे ओळखले आणि त्यासाठी यंत्रणा उभी केली. दिल्लीला त्यातून खरी सुरक्षितता मिळाली, ती नाकारण्याचे कारण नाही. त्याचबरोबर तिची किंमत दुआबातल्या शेतकऱ्याने, दिल्लीतल्या नवमुसलमानांनी आणि दख्खनच्या राज्यांनी भरली. 'विजय' हा शब्द लिहिताना या दोन्ही बाजू एकाच पानावर लिहायला हव्यात.

दिल्ली एनसीआरमध्ये शिकत असाल तर शाहपूर जाटजवळ सिरीच्या तटाचे अवशेष आणि त्या शहराच्या पाण्यासाठी खोदलेला हौज खासचा तलाव पाहून या.

विचारासाठी प्रश्न

१. १२९९ आणि १३०३ मधल्या अलाउद्दीनच्या डावपेचांची तुलना करा. कोतवालाचा सल्ला तुम्हाला पटतो का?

२. गव्हाचा भाव १० जीतल झाला असता, तर स्वाराच्या पगारात किती मण गहू आला असता? सैन्यावर काय परिणाम झाला असता?

३. भाव बांधण्यामागचे बरनीने आणि चिराग देहलवींनी दिलेले हेतू वेगळे आहेत. दोन्ही एकाच वेळी खरे असू शकतील का? कारणे द्या.

४. 'मंगोल आले नसते तर दिल्लीचे सैन्य देवगिरीला आले नसते' या विधानाच्या बाजूने आणि विरुद्ध प्रत्येकी दोन मुद्दे लिहा.